तीन गोळ्यांचा खुलासा

“वड रं ढवळ्या वड, नाडा वाजतो करकरा,
पाणी पाटाला लागलं, जसं लेकरू लागलं घरा…”

हा आवाज फकिराचा. खुलताबादच्या मळ्यात मोट हाकतानाचा, पंचावन्न वर्षांमागचा. फकिरा जाऊनही आता तीस वर्षं झाली, पण बुधवारी स्कॅनच्या यंत्रात साहेबरावाला बापाचा तो आवाज लख्ख ऐकू आला. हात डोक्यामागं, पाठ फळीला, अजिबात हलायचं नाही अशी ताकीद. यंत्र एका लयीत घुमत होतं आणि त्या घुमण्याच्या पोटात बाप गात होता. बैल उताराला लागले की बापाचा सूर खाली यायचा, मोट थारोळ्यात उपडी झाली की वर चढायचा. त्या बैलांना चाबूक ठाऊक नव्हता. गाणं जिथं वळायचं तिथं ते वळायचे.

साहेबराव वीस मिनिटं हलला नाही. बाहेर आल्यावर रत्नमालानं विचारलं, भ्या वाटलं का. “नाय,” तो म्हणाला, “जरा डोळा लागला व्हता.” चाळीस वर्षांच्या संसारात एवढं खोटं चालतं.

आज शुक्रवार, आणि त्या यंत्रानं काय पाहिलं ते कळायचा दिवस.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टर मॅडमनी पडदा त्यांच्याकडं वळवला. दोन चित्रं शेजारी शेजारी होती, दोन्ही साहेबरावाचीच. डावीकडचं जुलैमधलं, गोळी सुरू व्हायच्या आधीचं. मानेत, काखेत, पोटात जिथं जिथं आजार परतून बसला होता तिथं तिथं पणत्या लावाव्यात तसं ते पेटलेलं. उजवीकडचं परवाचं. मानेतल्या पणत्या विझल्या होत्या. काखेत एक होती, बारीक. पोटातल्या दोन मिणमिणत होत्या.

गेलाय असं मी म्हणणार नाही, मॅडम म्हणाल्या. लिंफोमा एकदा परतलेला आहे, गोळी नवी आहे, तिच्याबद्दल आम्हीही अजून शिकतोच आहोत. पण गाठी निम्म्याहून जास्त ओसरल्यात, हे खरं. रत्नमालानं हेच तीनदा विचारलं आणि मॅडमनी तीनदा तेच, न कंटाळता सांगितलं. मुलगा इंद्रजीत वाळूजच्या कंपनीतून अर्धा दिवस रजा टाकून आला होता. तो बाहेर गेला आणि पाण्याच्या कूलरपाशी तोंड धूत राहिला. बराच वेळ धूत राहिला.

“म्हणजे लागू पडली म्हणायची,” साहेबराव म्हणाला. मग सवयीनं पुढचंही म्हणाला, “माझं काय मॅडम, त्रेसष्ट झाले. पोरं म्हणली म्हणून घ्यायची गोळी.”

जुलैमध्ये संमतीच्या कागदांवर सह्या करतानाही तो हेच म्हणाला होता. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये जन्म गेलेला माणूस. इंजिन बाद झालं की बाद, त्यात पुन्हापुन्हा हात घालू नये, असं तो स्वतःबद्दलही बोलायचा. पहिल्या वेळची सहा इंजेक्शनं त्यानं रत्नमालासाठी घेतली आणि ही गोळी पोरांसाठी. निदान घरात सगळे असंच धरून चालत.

सून अपेक्षा मात्र खोलीत नव्हती. तिला रुक्सारनं बाजूच्या टेबलाशी बोलावलं होतं.

रुक्सार या नव्या गोळीच्या चाचणीचं सगळं लिहिणंमोजणं बघायची. वय सत्तावीस-अठ्ठावीस, बोलायला गोड आणि मोजायला कडक. बाटलीत तीस गोळ्या असतात, अठ्ठावीस दिवसांच्या अठ्ठावीस. दोन परत यायला हव्यात. रुक्सारनं बाटली निळ्या तबकात उपडी केली. एकच गोळी घरंगळत आली.

“भाभी, पहिल्या महिन्यात एक कमी आली. तुम्ही म्हणालात, काकांचा हात कापतो, बेसिनमध्ये गेली असंल. मी लिहिलं. दुसऱ्या महिन्यात पण एक. आता तिसऱ्यांदा. पडणारी गोळी दर महिन्याला मोजून एकच कशी पडंल?”

अपेक्षाकडं वही होती. रोज सकाळी सहाला गोळी, वेळ, पाणी, सही. अठ्ठावीस दिवसांच्या अठ्ठावीस ओळी, एकही खाडाखोड नाही.

मग रुक्सारनं आवाज खाली आणून खरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या महिन्यात काकांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. एखाद्या दिवशी दोन गोळ्या गेल्या असतील तर त्या दोनांमुळं उतरल्या. गेल्या नसतील तर एकीमुळंच. दोन्हीत फार फरक आहे. साठेक माणसांवर ही चाचणी चाललीय, आणि पुढं हजारोंना ही गोळी किती द्यायची ते या साठांवरून ठरणार. म्हणून मोठ्या मॅडमनी सांगितलंय, खुलासा लेखी येईपर्यंत नवी बाटली कपाटातून काढायची नाही. दोन घेतल्या असं निघालं तर गोळी काही आठवडे बंद ठेवून रक्त बघावं लागेल. दुसऱ्या कुणी गिळली असली तर ते आणखी वेगळं.

“आज पाचच्या आत या. नाहीतर सोमवारी. आणि मधले दोन दिवस काका गोळीविना.”

अपेक्षानं पडद्याकडं, काचेपलीकडं पाहिलं. विझलेल्या पणत्या तिला इथूनही दिसत होत्या.

*

उस्मानपुऱ्याच्या घरी वच्छलाबाईनं दारातच सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. रत्नमालानं फोनवर सांगितलं होतं, पण तिला ते भावाच्या तोंडून ऐकायचं होतं. साहेबराव म्हणाला, निम्म्यानं कमी झालं, अक्का. तिनं त्याची मान दोन्ही हातांनी चाचपली, गाईच्या मानेवरून हात फिरवावा तशी, आणि एवढंच म्हणाली, “व्हय की. न्हाईच हितं काय.”

ही साहेबरावाची मोठी बहीण, त्याच्याहून आठ वर्षांनी थोरली. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी परतली. आई गेल्यावर भावाला तिनंच वाढवलं. मळा विकला तेव्हा टोपलीतले देव डोक्यावर घेऊन ती शहरात आली. घरात तिचा अधिकार देव्हाऱ्यापुरता, पण तिथं तो पक्का.

जेवणं झाली. सगळ्यांची भूक चार महिन्यांनी घरी आल्यासारखी झाली होती. इंद्रजीतनं तिसरी पोळी मागितली. तेव्हा अपेक्षानं वाढता वाढता सांगितलं. काय कमी आलं, आणि पाचपर्यंत काय हवं.

पोळी ताटातच राहिली.

रत्नमाला आधी बोलली. तिचा चेहरा सकाळपासून इतका हलका झाला होता, की आता तो पुन्हा जड करणाऱ्या माणसाचा तिला राग आला, आणि समोर अपेक्षा होती. “मोजतीस तू. देतीस तू. वही तुझी. मग आम्हाला काय इचारतीस?”

अपेक्षा म्हणाली, मोजते म्हणूनच विचारतेय.

इंद्रजीतनं बायकोची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि आईवर घसरला. मागच्या आजारात तिनं पैठण गेटजवळच्या एका हकिमाचा काढा चोरून दिला होता. आता त्या हकिमाला दाखवायला गोळी तर नेली नाहीस ना? रत्नमाला म्हणाली, नेली असती तर तीनदा कशाला नेली असती, तो काय आंधळा आहे? मग तिनं मुलाला विचारलं, तू कंपनीतल्या त्या मित्राला दाखवली नसशील कशावरून, औषधांची माहिती इंटरनेटवरून काढणारा तोच ना तो? दहा मिनिटांत त्या खोलीत तीन पक्ष झाले, दोनदा फुटले, दोनदा जुळले. फक्त वच्छलाबाईकडं कुणी वळून पाहिलं नाही. त्या बाटलीचं झाकण दाबून फिरवावं लागतं, ते इंद्रजीतलाही पहिल्यांदा जमलं नव्हतं. आत्याला तर लोणच्याची बरणीही उघडून द्यावी लागते.

अपेक्षाचे डोळे भरले. ते पाहून रत्नमालाला स्वतःचंच बोलणं लागलं असावं. ती उठून सुनेच्या शेजारी जाऊन बसली.

साहेबराव ऐकत होता. त्याला वाटलं, सकाळी मॅडमनी दाखवलेलं ते उजवीकडचं चित्र हळूहळू डावीकडच्यासारखं होतंय. इथं, या खोलीत.

“कागद घे,” तो सुनेला म्हणाला. “लिही. मीच खाल्ल्या. इसरून दुसऱ्यांदा खाल्ल्या, तीन येळा.”

“नाना, तसं लिहिलं तर गोळी बंद करतील.”

“करू दे. माझं काय. तुमची तोंडं एकमेकांकडं नीट ऱ्हावी, बास.”

*

वच्छलाबाई देव्हाऱ्यापुढं बसली होती. खोली एकच, मधे एक अर्धी भिंत. तिला सगळं ऐकू येत होतं.

गोष्ट साधी होती. या घरात नवं काही आलं की पहिलं देवाचं. ज्वारीची रास झाली की पहिली ओंजळ. गाय व्याली की पहिलं दूध. फकिराच्या घरात कुणी कुणाला हे शिकवलं नाही. चालायला शिकावं तसं ते अंगात आलं. जुलैमध्ये घरात सगळे एकच बोलत होते, नवी गोळी, नवी गोळी. अजून बाजारात नाही, माणसावर पहिल्यांदाच करून बघतायत. इतकं नवं तर या घरात कधीच काही आलं नव्हतं. मग ते देवाआधी माणसाच्या तोंडात कसं जावं?

अपेक्षाला तिनं सहज विचारलं होतं, हे झाकण गं कसं उघडतात. दाबायचं आणि फिरवायचं, आत्याबाई. दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ झाल्यावर तिनं दाबलं आणि फिरवलं. तीनदा घसरलं, चौथ्यांदा उघडलं. एक गोळी खंडोबाच्या टाकापुढं ठेवली, मग टाकामागच्या पितळी डबीत, भंडाऱ्यात. पुढच्या बाटलीची पण. तिच्या पुढच्याची पण. जादाच्या दोन असतात हे तिला ठाऊक होतं. भावाचा घास तिनं तोडला नव्हता.

आणि मनात बोलली होती, हे कुणाला सांगणार नाही. बोललेलं देवाचं, सांगितलं की सरतं. तिनं एकदा सांगितलं होतं. नवरा तापानं फणफणला तेव्हा बोललेला नवस तिनं जावेला सांगितला, आणि आठ दिवसांत सगळं संपलं. ताप कशाचा होता ते डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. तिला मात्र पन्नास वर्षं कळत होतं.

सांगावं तर देवाजवळचं सरतं. न सांगावं तर डॉक्टरजवळचं. गाठी कशामुळं ओसरल्या, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? दोन्हीमुळं असतील. दोन्हीतलं एक सोडायचं तर कोणतं?

पलीकडं अपेक्षाचं लिहून झालं. वाचून दाखवताना तिचा आवाज नीट लागत नव्हता. साहेबरावानं चष्मा मागितला. पेन मागितलं.

“थांब साहेबा,” वच्छलाबाई म्हणाली. “सही करू नगस.”

ती उठली तेव्हा गुडघे वाजले. तिनं डबी आणून ताटाशेजारी ठेवली आणि झाकण काढलं. पिवळ्या भंडाऱ्यात तीन गोळ्या, अंड्यावर बसलेल्या पाखरासारख्या स्वस्थ.

“मी घेतल्या. पैली देवाची म्हणून. तिन्ही हायेत, मोजून घ्या.”

इंद्रजीतला आधी हसू फुटलं. ते त्यानं दाबलं, मग दाबवेना. “आत्या, झाकण कसं उघडलंस?”

“दाबायचं अन् फिरवायचं. तुझ्या बायकूनं शिकवलं.”

रत्नमाला मात्र हसली नाही. मनात साठलेलं काहीतरी चाळीस वर्षांनी वर आलं. “या घरात पैलं देवाला, दुसरं तुमच्या भावाला, मग उरलं तर आम्हाला. त्याचं मला कधी काय नाय वाटलं, अक्का. पण आज माझ्या सुनंला मी चोर म्हणले. तुम्ही हितं बसून ऐकलं.”

“ऐकलं,” वच्छलाबाई म्हणाली. तिनं अपेक्षाकडं पाहिलं. “चुकलं माझं, बाय.”

आता अपेक्षा आत्यावर चिडेल असं सगळ्यांना वाटलं, पण तसं काही झालं नाही. अपेक्षानं डबी दोन्ही हातांनी उचलली. “आई, असू द्या. कुणी गिळल्या नाहीत. नानांनी रोज एकच घेतली, हे आता दिसतंय. वही बरोबर आहे माझी.” आणि ती रडत रडत हसायला लागली. साडेतीन वाजले होते. सून डबी पदराखाली धरून उभीच होती, चपला कुठं काढल्या ते तिला आठवेना.

*

रुक्सारनं हातमोजे घातले आणि चिमट्यानं एकेक गोळी तबकात ठेवली. गोळ्या मूळच्या पांढऱ्या होत्या.

“पिवळ्या कशानं झाल्या?”

“भंडारा हाय,” वच्छलाबाई म्हणाली. “हळद.”

रुक्सारनं अर्जावरच्या त्या रकान्याकडं बराच वेळ पाहिलं, जिथं कारण लिहायचं असतं. बेसिनमध्ये पडली, नातवानं खेळायला घेतली, एकदा तर शेळीनं बाटली पाडली, हे सगळं तिनं लिहिलं होतं. हे पहिल्यांदाच. मग तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं: तीन गोळ्या परत मिळाल्या, गिळलेल्या नाहीत, रुग्णाच्या बहिणीनं श्रद्धेनं देवापुढं ठेवल्या होत्या. वच्छलाबाईनं खाली सही केली. व, च्छ, ला. प्रत्येक अक्षराशी थोडं थांबत.

मोठ्या मॅडमनी दारातूनच कागद पाहिला, गोळ्या पाहिल्या, आणि रुक्सारला मान हलवली. कपाट उघडलं. नवी बाटली निघाली.

“आता दादी, एक अर्ज माझा,” रुक्सार म्हणाली. “माझी नानी पण झाडाचा पहिला आंबा दर्ग्यात पाठवायची. तुम्ही आंबा द्या, ज्वारी द्या, पेढा द्या. गोळी नको. गोळीवर काकांचा नंबर आहे.”

“देवाला कळंल का?”

“त्याला नाही कळणार तर कुणाला? आम्हाला मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.”

वच्छलाबाईला हे पटलं की नाही ते चेहऱ्यावर दिसलं नाही. पण तिनं बाटलीला हात लावला नाही. अपेक्षाला घेऊ दिली.

अपेक्षा रिक्षा बघायला फाटकाबाहेर गेली. बहीण-भाऊ औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसले. ऊन उतरलं होतं. जालना रोडवरून गाड्या वाहत होत्या. समोर एक बाई कुणाला तरी फोनवर सांगत होती, सुट्टी मिळाली, घरी सोडतायत, भाजी टाकून ठेव. साहेबरावाला आज सगळ्यांचीच बातमी चांगली वाटत होती. त्यानं अक्काला विचारलं, चहा घेतीस का.

ती नको म्हणाली. हातातला रुमाल घडी घालत होती, उलगडत होती.

“साहेबा.”

“हं.”

“बोललेलं मी फोडलं. त्यांच्या येळेला फोडलं, ते गेले. आता परत फोडलं. सगळ्यांच्या देखत, वर कागदावर सही करून.” ती त्याच्याकडं पाहत नव्हती. “तुला आता काय झालं तर ते माझ्या तोंडानं झालं. मी म्हातारी जगून काय करू मग?”

साहेबरावाच्या ओठाशी नेहमीचं वाक्य आलं. माझं काय, माझं झालंच की. बहिणीला धीर द्यायला ते पुरेसं होतं; इतकी वर्षं सगळ्यांना पुरलं होतं. त्यानं ते म्हणण्यासाठी श्वास घेतला आणि तो श्वास तसाच छातीत राहिला. मानेला हात गेला. तिथं सकाळपासून काही नव्हतं. बोटं पुन्हापुन्हा तिथंच जात होती, काही नाही हे बघायला.

“तू बोलली नसतीस तर ती बाटली तिथंच कपाटात ऱ्हायली असती,” तो म्हणाला. “मी सही करत व्हतो, अक्का. पण हात कापत व्हता. आजारानं न्हवं.”

तिनं आता त्याच्याकडं पाहिलं.

“बंद करू दे म्हणलो ना मघाशी? खोटं व्हतं ते. पोरांसाठी घेतो म्हणतो, ते बी खोटं. सकाळी सहाला अपेक्षा गोळी आणती, मी साडेपाचपास्नं दाराकडं बघत बसलेला असतो.” त्याचा आवाज चिरला, त्यानं तो सावरला नाही. “मला जगायचंय, अक्का. लई जगायचंय गं मला.”